मागच्या पट्टीतली परसबाग: प्रकल्प नोंदी

18 जून 2024, मंगळवार

शनिवारी शाळा उघडली, काल बकरी ईदची सुट्टी होती, त्यामुळे वर्ग खऱ्या अर्थाने आजच भरले. परसबागेचं काम माझ्या गळ्यात पडलंय कारण मी विज्ञान शिकवते, एवढंच क्वालिफिकेशन. म्हटलं नोंदी ठेवूया, पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडलं तर उपयोगी येतील.

आधी शाळेचं सांगते म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. धारावीतली मनपाची इमारत, आत मराठी, हिंदी, उर्दू आणि तमिळ अशी चार माध्यमं. सकाळी उर्दू आणि हिंदी, दुपारी आम्ही आणि तमिळ. कागदोपत्री या चार वेगळ्या शाळा, चार मुख्याध्यापक, चार शिक्के, पण गेट एक, पाण्याची टाकी एक आणि मागच्या दाराची किल्ली एक. त्यामुळे साधी कुंडी हलवायची तरी चार सह्या. पोरं मात्र संध्याकाळी सगळी एकाच गल्लीत क्रिकेट खेळतात आणि शाळेत आली की जिन्यावर एकमेकांना ओळखसुद्धा दाखवत नाहीत, हे मला कधी कळलेलं नाही.

पोषण आहार योजनेत शाळेने परसबाग करावी असं आहेच. गावाकडच्या शाळांचे फोटो बघून हेवा वाटतो, मागे मोकळी जागा, बोअरचं पाणी, सकाळी तोडलेली भाजी दुपारी खिचडीत. आमच्याकडे खिचडी शिजतच नाही, बाहेरच्या किचनमधून बंद डब्यात येते. म्हणजे भाजी पिकली तरी घालायची कुठे हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा. बघू.

गच्ची मागितली होती, नाही मिळाली, गळती होते म्हणे, आणि ते खरंच आहे, वरच्या मजल्यावर पावसात बादल्या लावतात. मग उरली इमारत आणि कंपाउंडच्या भिंतीमधली मागची पट्टी. आत्ता तिथे मोडके बाक, एक फुटका फळा आणि कोणीतरी आणून टाकलेला कमोड.

22 जून, शनिवार

पट्टी साफ केली. सातवीची पोरं आणि शाळेचे शिपाई मामा. कुदळ मारली तर वीतभर खाली लादीचे तुकडे, विटा, काच, वायरी, थर्माकोल. सगळी डेब्रिजची भरणी, माती नावाला नाही. यात खायची भाजी लावायची नाही हे तिथल्या तिथे ठरलं, जुन्या रंगाचे पापुद्रे आणि कसली कसली धातूची भुकटी त्यात असेल काय सांगावं. म्हणजे सगळं वरच्यावर, ड्रममध्ये आणि गोण्यांत.

ड्रमची काळजी नाही, तेरा कंपाउंड जवळच आहे, तिथे अख्ख्या मुंबईचं प्लास्टिक येतं. दोनशे लिटरचा निळा ड्रम आडवा कापला की दोन टब होतात. फक्त आत आधी काय माल होता ते विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. सरबताचा, सॉसचा, खाद्यतेलाचा चालेल, केमिकलचा फुकट दिला तरी नको. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचंच तिथे गाळ्यात काम आहे, त्यांनी वास घेऊन घेऊन निवडून दिले आणि तळाला भोकंही पाडून दिली.

वरच्यावर लावायला अजून एक कारण झालं. मार्चपासून पुनर्विकासाचा सर्व्हे चालू आहे, घराघरावर नंबर टाकतायत. पालक सभेत एक काका उठून म्हणाले, बाई आमच्या घराचा पत्ता नाही आणि तुम्ही झाडं कसली लावताय. उत्तर काय देणार. म्हटलं काका, ड्रम आहेत, उचलून नेता येतील. लोक हसले, पण काका काही हसले नाहीत.

29 जून, शनिवार

उन्हाचा नकाशा केला. दर तासाला दोन पोरांनी मागे जाऊन सावलीची कड खडूने जमिनीवर आखायची आणि वेळ लिहायची. सकाळच्या पाळीत हिंदीच्या सरांच्या वर्गाने, दुपारी माझ्या वर्गाने. ढगांमुळे आठवडा गेला पण शेवटी चित्र उमटलं. गेटकडच्या टोकाला भरपूर ऊन, मध्ये जेमतेम तीन तास, टाकीकडच्या टोकाला जवळजवळ नाहीच. म्हणजे फळभाज्या आणि वेल गेटकडे, पालेभाजी मध्ये, अळू, पुदिना आणि ओवा टाकीकडे. गणिताच्या टीचरनी तेच नकाशे घेऊन कोनांचा धडा उरकला. मला जरा रागच आला, पोरं राबली माझी.

5 जुलै, शुक्रवार

मातीची नोंद सविस्तर लिहिते कारण अर्धं काम हेच आहे.

नर्सरीतली लाल माती गोणीवर मिळते, पण सगळे टब भरायचे तर परवडत नाही आणि नुसती लाल माती पावसात दगडासारखी बसते. म्हणून माती बनवायची ठरलं. श्रीपाद दाभोळकरांच्या विचाराने दीपक सचदे यांनी अमृत मिट्टीची पद्धत बसवली, शहरात गच्चीवर शेती करणारे बरेच जण तीच वापरतात. मूळ कृती अशी की 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम काळा गूळ, 10 लिटर पाणी, तीन दिवस रोज तीनदा दोन्ही दिशांनी ढवळायचं, चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी घालायचं, त्यात पालापाचोळा भिजवून थर लावायचे आणि मध्ये मध्ये थोडी माती.

आता धारावीत शेण कुठून आणायचं. तर देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या मावशी असतात ना, दहा रुपयाचा चारा घेऊन गाईला घाला वाल्या, त्यांनी रोजची पाटी दिली. गोमूत्राला दोनतीन घरांतून नाही आलं, मी ते सोडून दिलं, नुसतं शेण गूळ केलं, तेही छान आंबतं. यावर स्टाफरूममध्ये भरपूर चर्चा झाली, दोन्ही बाजूंनी, ती इथे लिहीत नाही.

बाकी माल वस्तीतूनच. रसवाल्याकडून उसाची चिपाडं (ती आधी दोन दिवस उन्हात वाळवायची, नाहीतर माश्या), शहाळंवाल्याकडून सोडणं, ती टबाच्या तळाला उलटी मांडायची, पाणी धरून ठेवतात. टपरीवरचा चहाचा चोथा, धुऊन, कारण साखर असते आणि मुंग्यांची रांग लागते. पालापाचोळा सायनच्या बाजूने, सोसायटीवाले जाळण्याऐवजी गोणीत भरून देतात. पहाटे इडल्या करून अख्ख्या मुंबईला पुरवणारी तमिळ घरं आमच्या मागच्याच गल्लीत आहेत, तिथून तांदूळ धुतलेलं पाणी येतं, पिंपभर. त्याला वास येतो. पण झाडांना मानवतं.

ढवळायची काठी कोणाच्या हातात यावरून मारामाऱ्या. शेवटी पाळीप्रमाणे वाटून दिलं.

9 जुलै, मंगळवार

काल पहाटे एक ते सकाळी सात, सहा तासांत शहरात काही ठिकाणी तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस. शाळांना सुट्टी. आज येऊन बघते तर पट्टीत पाणी भरून गेलेलं, रिकामे ड्रम तरंगत तरंगत टाकीपाशी जाऊन अडकलेले, चिपाडं सगळीकडे. भरलेले टब मात्र जागच्या जागी. खाली दोन दोन विटा लावून घ्यायच्या.

आणि गंमत म्हणजे एवढं पाणी पडून नळाला दहा टक्के कपात चालूच आहे, कारण पाऊस पडला शहरात, मोठे तलाव आहेत तिकडे शहापूरच्या बाजूला.

13 जुलै, शनिवार

पेरलं. लाल माठ, भेंडी, चवळी, दोडका, घोसाळं, कारलं. कढीपत्त्याचं रोप आणि शेवग्याची फांदी तमिळच्या टीचरनी घरून आणली. शेवग्याला मोठा ड्रम दिलाय, तो किती दिवस त्यात मावेल शंका आहे.

30 जुलै, मंगळवार

कालपासून पाणीकपात रद्द, तलावांत पुरेसं पाणी आलं. पण कपातीने एक चांगली सवय लावली ती ठेवायची आहे, शाळा सुटताना पोरं बाटलीतलं उरलेलं पाणी जिन्यावर ओतायची, आता गेटपाशी बादली ठेवलीय, त्यात ओततात. दोन पाळ्यांच्या मिळून बऱ्याच बादल्या भरतात, पावसाळ्यात तर तेवढंच पुरतं.

मनपाचे डासवाले येऊन गेले. टॉर्च मारून सगळं बघितलं. कुंडीखालच्या ताटल्या काढायला लावल्या, तांदळाच्या पाण्याच्या पिंपाला कापड बांधायला सांगितलं. बरोबरच आहे. त्यांनी पोरांना डासाच्या अळ्या दाखवल्या बाटलीत, माझ्या तासाला कधी इतकी शांतता नसते.

23 ऑगस्ट, शुक्रवार

लाल माठ काढला. आणि लगेच भांडण.

बारा पंधरा जुड्या निघाल्या असतील. चार माध्यमांत वाटायच्या तर कोणाला किती, पटसंख्येप्रमाणे की सारख्या, सकाळच्यांनी आधी तोडून नेल्या तर दुपारच्यांनी काय करायचं. एका मुख्याध्यापकांनी तर कोष्टक काढलं! पोरांनीच तोडगा काढला, एका उर्दूच्या मुलीने म्हटलं की जिसने पानी डाला वो ले जाए, माध्यम बिध्यम नाही. तसंच ठरवलंय. पाण्याची वही गेटपाशी लटकवलीय, आठवडाभर ज्यांनी पाणी घातलं त्यांनी भाजी न्यायची, दोन्ही पाळ्यांची नावं एकाच पानावर. घरी नेलेल्या जुडीबद्दल तिसऱ्याच दिवशी एका आईचा निरोप, ही रुळाच्या बाजूची भाजी आहे का, तसली आम्ही नाही खात. रेल्वेलाईनलगतच्या पालकाने मुंबईत सगळ्याच पालेभाजीचं नाव खराब केलंय. त्यांना बोलावून टब, माती, नळ सगळं दाखवलं. बघून गेल्या. पुढच्या वेळी जुडी मागून नेली.

खिचडीचं असं केलंय की डबे आले की वरून घालायला कोथिंबीर ठेवायची, पिकली तेव्हा. बाहेरून आलेल्या अन्नात भाजी मिसळायची तर परवानग्या, त्या फंदात मी पडत नाही.

कढीपत्ता रोज कमी होतोय. कोण नेतंय सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही, मीही नाही. कढीपत्ता लावला की तो जाणारच.

19 सप्टेंबर, गुरुवार

मंगळवारी विसर्जन, काल ईदची सुट्टी. दोन्ही सणांचे हार आणि निर्माल्य पोरांनी गोळा करून आणलंय, दोरे आणि चमक काढून ड्रममध्ये टाकलं. गुलाबाच्या पाकळ्या पटकन कुजतात, झेंडूला वेळ लागतो.

आजची खरी नोंद दोडक्याची. पंधरा दिवस झाले, वेल भिंतीवर चढलाय, कळ्या भरपूर, पण फळ धरत नाही, बारीक दोडके पिवळे पडून गळतात. सकाळच्या पाळीचे सर म्हणतात फूल येतच नाही, कळ्याच असतात. दुपारची पोरं म्हणतात फुलं येतात की, पिवळी मोठी, आम्ही रोज बघतो. दोघेही खरं बोलत होते. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, साधारण पाचच्या पुढे, आणि सकाळी शाळा भरेपर्यंत मिटून जातं. घोसाळ्याचं उलटं, ते पहाटे उमलतं आणि दुपारची पाळी येईस्तो मान टाकतं. एकाच भिंतीवर दोन वेल, दिसायला भाऊ भाऊ, आणि दोघांच्या वेळा बरोबर आमच्या दोन पाळ्यांसारख्या.

मग मधमाश्या. आमच्या पट्टीत मधमाशी मी अजून बघितलेली नाही, पलीकडे भट्ट्या आणि वेल्डिंग. म्हणून परागीकरण हातानेच. दुपारच्या पाळीला शेवटचा तास मागे नेलं. मादी फूल ओळखायला सोपं, फुलाच्या मागे बोटाएवढा दोडका आधीच असतो, शिरांसकट. नर फुलं घोसात येतात, मागे नुसता दांडा. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, मधला पिवळा भाग मादीच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. पराग बोटाला लागतो हळदीसारखा. एका नराने दोनतीन माद्या होतात. ज्या फुलाला लावलं त्याच्या देठाला लोकरीचा तुकडा बांधायचा, मराठीवाल्यांची लाल, तमिळवाल्यांची निळी. एक पोरगा सुटल्यावर पण जाईना, त्याची आई गेटवर ओरडतेय आणि हा म्हणतो थांब अजून एक उघडतंय.

घोसाळं सकाळच्या पाळीकडे. हिंदीच्या पोरांच्या आया जौनपूर, आझमगडकडच्या, त्यांचा तो नेनुआ, त्यांना कोणी काही शिकवायची गरजच पडली नाही. एक ताई पोराला सोडायला येतात त्याच उभ्या उभ्या करून जातात.

28 सप्टेंबर, शनिवार

बुधवारी पुन्हा धो धो, गुरुवारी शाळा बंद. लोकर बांधलेल्या बहुतेक फुलांना दोडके धरलेत. पहिले तोडले. वहीप्रमाणे एक तमिळ घरी, एक मराठी घरी गेला आणि सोमवारी दोन्हीकडून चटणी आली, शिरांची. आमच्याकडे तीळ आणि सुकं खोबरं घालून खरपूस भाजतात, त्यांनी उडदाची डाळ, चिंच आणि लाल मिरची घालून वाटलेली ओली. स्टाफरूममध्ये चपाती कमी पडली. (ही ओळ सोमवारी लिहितेय, तारीख तीच ठेवते.)

भेंडीची पानं पिवळी जाळीदार, मोझॅक रोग. पांढऱ्या माशीने येतो, औषध नाही, उपटून टाकली.

22 नोव्हेंबर, शुक्रवार

विधानसभेचं मतदान बुधवारी झालं, शाळेत बूथ. आम्ही सगळे ड्युटीवर दुसरीकडेच, त्यामुळे बाग मामांच्या भरवशावर. मंडपवाल्याने एका टबात बांबू रोवलाय, चवळी गेली. चहाचे कागदी कप सगळीकडे. पण मामा सांगत होते की रांग मागच्या पट्टीपर्यंत गेलेली आणि लोक उभ्या उभ्या विचारत होते हे काय ते काय, दोघीतिघींनी ओव्याची पानं मागून नेली, पोराला खोकला म्हणून. ओव्याच्या झाडाची या वस्तीत कोणाला ओळख करून द्यावी लागत नाही, दक्षिणेकडची असोत नाहीतर कोकणातली.

16 जानेवारी 2025, गुरुवार

थंडी म्हणावी तशी नाही पण टोमॅटो, वांगी, मुळा जोरात. मेथी रेतीत लावलीय, ती मुंबईची बारीक मेथी असते ना समुद्रमेथी, बोटभर उंचीची, तशी. पसरट क्रेटमध्ये रेती, दाट पेरायची, पंधरा दिवसांत तयार. पालेभाजीत एवढं झटपट काही नाही, धीर नसलेल्या चौथीच्या वर्गाला हेच द्यायचं.

घुशीने वाल उकरून खाल्ला. घूस ही धारावीची मूळ रहिवासी, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. टबांवर कोंबडीची जाळी बसवली, कंपोस्टचा ड्रम झाकणवाला केला आणि शिजवलेलं अन्न आत टाकायला बंदी.

सोमवारी भोगी होती, आमची वांगी मिसळीच्या भाजीत गेली. मंगळवारी पोंगल. पोंगलच्या मडक्याला हळदीचं ओलं रोप बांधतात, कंदासकट. सण झाल्यावर ती टाकूनच देतात, म्हणून तमिळ माध्यमाच्या पोरांना सांगितलं घेऊन या. कंद सावलीत रेतीत ठेवलेत, मे मध्ये लावायचे.

6 मार्च, गुरुवार

रविवारपासून रोजे. पुदिना माजलाय, उर्दूच्या बाई म्हणाल्या आम्हाला दे, इफ्तारच्या चटणीला रोज लागतो. घ्या म्हटलं, जेवढा तोडाल तेवढा फुटतो. सकाळच्या पाळीची पोरं उपाशी असतात म्हणून पाण्याचं काम महिनाभर दुपारकडे घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं, दुपारच्या पोरांनी वहीत स्वतःच नावं लिहिली.

24 एप्रिल, गुरुवार

आता मे महिना. शाळेतल्या बागा मे महिन्यात मरतात, हे मी इतक्या शाळांत बघितलंय. किल्ली कोणाकडे, पाणी कोण घालणार. मामा रत्नागिरीला जाणार, अर्धी पोरं यूपीला, अर्धी तिरुनेलवेलीकडे.

उपाय कुंभारवाड्यात मिळाला. जमिनीत पुरलेल्या मडक्याने पाणी द्यायची जुनी पद्धत आहे, अरुंद तोंडाचं, झिरपणारं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, वर झाकण. माती कोरडी झाली की मडक्यातून ओढून घेते, ओली असली की ओढत नाही. कुंभारवाड्यातले काका सौराष्ट्रातले, तीन पिढ्या इथे. मी नेहमीचे माठ उचलायला लागले तर म्हणाले ते नको बेन, ज्यादा पकलेलं झिरपत नाही. त्यांनी भट्टीच्या कडेला राहिलेली, कमी भाजलेली, रंगाने फिकी अशी मडकी काढली, विकायच्या कामाची नव्हतीच. टिचकी मारून आवाज ऐकायचा, खणखणीत वाजलं की बाजूला ठेवायचं, जरा बसका आवाज आला की आपलं. घरी आणून पाणी भरून कोरड्या लादीवर ठेवली. काहींना तासाभरात बाहेरून घाम फुटला, ती पुरली. दोन तशीच कोरडी राहिली, ती स्टाफरूमला दिली, कुंड्या म्हणून.

दोडका घोसाळं संपलं. टबांत आता मिरची, वांगी, अळू, हळद आणि कढीपत्ता. मडकी आठवड्यातून दोनदा भरायची, त्यासाठी जी मुलं गावी जाणार नाहीत त्यांची जोडी, एक सकाळच्या पाळीतलं, एक दुपारच्या. किल्ली वॉचमनकडे. यासाठी पण चार सह्या घेतल्या, दोन दिवस गेले.

17 जून, मंगळवार

काल शाळा उघडली. मडक्यांचं काय झालं ते लिहिते. पहिले दोन आठवडे छान चाललं असं पोरं सांगतात, माती वरून कोरडी, बोट खुपसलं की आत ओल. मग मे मध्येच पाऊस सुरू झाला आणि 26 तारखेला तर मान्सूनच आला मुंबईत, नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका लवकर कधी नाही. एवढं करून पुरलेली मडकी पाण्याने आपसूक भरली, टब वर्षभराच्या मातीने खाली घट्ट झालेले, भोकं बुजलेली. मिरच्या मुळापासून कुजल्या, वांगी गेली. अळू मात्र कमरेएवढं, पान ताटाएवढं, पोंगलच्या हळदीलाही पानं आलीत. शेवग्याने ड्रम फोडलाय.

करायची कामं: टबांची भोकं मोठी करणे आणि खाली खडी. मडकी काढून ठेवणे, ऑक्टोबरनंतर पुन्हा. शेवगा कुठे लावायचा ते ठरवणे, कंपाउंडच्या बाहेर फुटपाथलगत चालेल का विचारायचंय. अळूवडीचं पीठ कोण आणणार. हिंदी माध्यमाला नवीन मुख्याध्यापक आलेत, त्यांची सही राहिलीय. पाण्याची नवीन वही आणली, जुनी घुशीने खाल्ली.